बाटली, बोंडलं आणि बारा आठवडे

तुमच्या घरात तीन महिन्यांच्या आगेमागे वय असलेलं बाळ असेल, तर हा लेख तुम्ही एका बैठकीत वाचणार नाही हे मला ठाऊक आहे. रात्रीचे पावणेतीन, खांद्यावर ओलं फडकं, एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात अर्धवट झोपलेला जीव, अशा अवस्थेत तुम्ही इथवर आला असाल. तेव्हा आधी कामाचं सांगतो. काल-परवापर्यंत बाटली घेणाऱ्या बाळाने एकाएकी ती नाकारली, तर पहिल्यांदा डायपर मोजा. चोवीस तासांत सहा किंवा जास्त ओले डायपर होत असतील, बाळ अंगावर नीट पीत असेल, जागेपणी टवटवीत असेल, तर तुमच्या हाताशी वेळ आहे. डायपर कमी झाले, डोक्यावरची टाळू खोल गेल्यासारखी दिसली, बाळ मलूल पडलं किंवा अंगावरचंही सोडू लागलं, तर हा लेख बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना फोन करा. कितीही वाजले असले तरी करा.

ज्यांची मुलं आता कॉलेजात आहेत, त्यांनी चहा घेऊन निवांत बसावं.

बाळाचं रडणं आणि बाळाचं नाकारणं यांत फरक असतो, हे मला बाप होईपर्यंत माहीत नव्हतं. रडणारं बाळ काहीतरी मागत असतं. नाकारणारं बाळ आधी शांतच असतं. बाटली दिसली की ओठ घट्ट मिटतं. तुम्ही हळूच ओठांना बोंड लावता, तर ते मान फिरवतं. दुसऱ्या बाजूने गेलात तर दुसरीकडे. चुकून आत गेलंच तर जिभेने बाहेर ढकलतं, पाठीची कमान करतं आणि मग रडतं. त्या रडण्यात भूक कमी आणि तक्रार जास्त असते. शेवटी ते तुमच्याकडे बघतं. त्या बघण्याबद्दल मी काही लिहीत नाही. ज्यांनी पाहिलंय त्यांना कळेल.

आम्ही नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरी गावात राहतो. बायको रिसर्च ट्रँगल पार्कमधल्या एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करते. तिथल्या यंत्रांसमोर उभंच राहावं लागतं, त्यामुळे ‘घरून करते’ असं म्हणायची सोय नाही. मी सॉफ्टवेअरवाला, म्हणजे इथल्या अर्ध्या मराठी माणसांसारखाच. तिला १२ आठवड्यांची रजा होती. इथे नव्याने आलेल्यांसाठी सांगतो, अमेरिकेत १९९३च्या कायद्याने ५० किंवा अधिक माणसं असलेल्या कंपनीत, वर्षभर नोकरी झालेल्या माणसाला १२ आठवड्यांची रजा मिळते. ती आईला मिळते तशी बापालाही मिळते. नोकरी शाबूत राहते. पगार मात्र कायदा देत नाही. काही राज्यांनी आपापली पगारी रजा सुरू केली आहे, पण आमच्या राज्यात बायकोला तशी काही मिळाली नाही. तिला सहा आठवडे पगाराचा काही भाग मिळाला तो कंपनीच्या विम्यातून, आणि त्या विम्याचं नाव ‘डिसॅबिलिटी’. बाळंतीण बाई इथे कागदोपत्री अपंग ठरते. या शब्दावर सासूबाई दोन दिवस रागावून होत्या.

माझ्या कंपनीने मला सहा आठवडे पगारी दिले होते. जन्माच्या वेळी मी दोनच घेतले आणि चार राखून ठेवले. बायको कामावर रुजू झाली की बाराव्या आठवड्यापासून सोळाव्यापर्यंत मी घरी राहायचं, आणि सोळाव्याला डेकेअर. सासूबाई पहिले दोन महिने होत्या. मग सासऱ्यांची तब्येत बिघडली आणि त्यांना नाशिकला परतावं लागलं. तरी हिशोब जमत होता. पाचव्या आठवड्यापासून रात्री अकराची बाटली आम्ही सुरू केली होती, आणि ती माझी होती.

त्या अकराच्या बाटलीबद्दल जरा सांगू द्या. बायको नऊला झोपायची. तिने संध्याकाळी काढून ठेवलेलं दूध मी गरम पाण्याच्या वाडग्यात बाटली उभी करून कोमट करायचो. मनगटावर थेंब टाकून बघायचो. दिवाणखान्यात दिवा नसायचा, फक्त मायक्रोवेव्हच्या घड्याळाचे हिरवे आकडे. चिरंजीव माझ्या डाव्या कोपरात. घोट गिळताना एक बारीक ‘कुच’ असा आवाज व्हायचा. साडेतीन औंस, वीस मिनिटं. बापाला या काळात करण्यासारखं पुष्कळ असतं, कपडे, भांडी, ढेकर, डॉक्टरांच्या तारखा. पण बाळाच्या दृष्टीने बघितलं तर त्याला आपल्याकडून हवं असं फार थोडं असतं. ही एक गोष्ट होती.

दहाव्या आठवड्यातल्या एका गुरुवारी त्याने तोंड फिरवलं. मला वाटलं गॅस असेल. शुक्रवारी पुन्हा. शनिवारी बायकोने दुपारी देऊन बघितली, तिलाही तेच. रविवारी आम्ही दोघं स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरसमोर उभे राहिलो. रुजू व्हायला पंधरा दिवस होते.

मराठी मंडळाच्या व्हॉट्सअॅप गटावर बायकोने एक ओळ टाकली, आणि संध्याकाळपर्यंत आमच्या दारात तीन पिशव्या आल्या. आपल्या लोकांचं हे मला फार आवडतं. सल्ला देतीलच, पण सोबत सामानही पाठवतील. पिशव्यांमध्ये अकरा बाटल्या निघाल्या. रुंद तोंडाची, बाकदार, आत निळी नळी असलेली, काचेची, बोंड चपटं असलेली, आणि एक अशी की जिच्या खोक्यावर ‘अगदी आईसारखी’ या अर्थाचं काहीतरी लिहिलं होतं. चिरंजीवांनी सर्वांना समान वागणूक दिली.

सल्ले एकमेकांच्या विरुद्ध होते. बोंड गरम पाण्यात बुडवून द्या. बोंड गार द्या, दात शिवशिवत असतील. आईच्या अंगावरचा टी-शर्ट बाळाभोवती गुंडाळा. आईचा वाससुद्धा आसपास नको. झोपेत द्या, पूर्ण जागा असताना द्या. आम्ही सगळं केलं. आई घरात नको म्हणून बायको फेब्रुवारीच्या थंडीत ड्राइव्हवेवर गाडीत जाऊन बसायची. पहिल्या दिवशी तिने फोनवर बेबी मॉनिटर चालू ठेवला होता. तो रडायला लागला तसा तिला पान्हा फुटला आणि कोट भिजला. दुसऱ्या दिवसापासून ती मॉनिटर बंद करून बसायची. मी आत, ती बाहेर, आणि आमच्या दोघांच्या मध्ये तो अर्धा तास.

तिचा स्वभाव प्रयोगशाळेतला. तिने फ्रीजरमधलं दूध काढून हुंगलं, मग चाखलं, आणि म्हणाली, “साबणासारखं लागतंय.” ही खरी गोष्ट आहे. आईच्या दुधात लायपेज नावाचं पाचक द्रव्य असतं. ते साठवलेल्या दुधातही चरबी फोडत राहतं आणि काही जणींच्या दुधाला त्याने साबणासारखा किंवा धातूसारखा वास येतो. दूध खराब झालेलं नसतं, पण काही बाळं ते नाकारतात. साठवण्याआधी कडेला बारीक बुडबुडे येईपर्यंत तापवून लगेच गार केलं तर वास टळतो. बायकोने चिठ्ठ्या लावून तीन नमुने केले, ताजं, फ्रीजमधलं दोन दिवसांचं आणि तापवून गोठवलेलं. तिन्ही त्याने एकाच जोमाने बाहेर ढकलले. “दूध नाही, बाटली,” तिने वहीत लिहिलं आणि खाली रेघ मारली. तुमच्याकडे निष्कर्ष उलटा येऊ शकतो, म्हणून एकदा चाखून बघाच. आणि फॉर्म्युला देणाऱ्यांनो, हा प्रसंग तुमच्यावर येत नाही असं नाही. फक्त तुमच्याकडे मध्यरात्री माघार घ्यायला दुसरी जागा नसते, म्हणून डॉक्टरांना जास्त लवकर विचारा.

दोन सल्ले मात्र इथेच खोडून काढतो. एक मधाचा. एका आत्याबाईंनी प्रेमाने सांगितलं की बोंडाला जरा मध लावा, बघा कसा चुटूचुटू पितो. आपल्याकडे सोन्याच्या अंगठीने मध चाटवायची रीत होती, त्यामुळे घरातल्या मोठ्यांना यात काही वावगं वाटत नाही. पण वर्षाच्या आत मध नाही म्हणजे नाही. त्यात बॉट्युलिझमचे बीजाणू असू शकतात, आणि त्यांना तोंड देणारं पोट बाळाकडे तयार झालेलं नसतं. दुसरा सल्ला सगळीकडून येतो, अगदी आपल्या जिवाभावाच्या माणसांकडून: “भूक लागली की घेईल.” हे मोठ्या मुलाच्या पालकाच्या भाजीबाबत खरं असेल. तीन महिन्यांच्या बाळाला उपाशी ठेवून वाट पाहणं हा उपाय नव्हे, असं आमच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं. जबरदस्तीने तोंडात बाटली घातली तर बाळ बाटलीशी रडण्याचीच सांगड घालतं, आणि मग नुसती दिसली तरी किंचाळतं. पाच-दहा मिनिटं शांतपणे देऊन बघायची, नको म्हणाला तर थांबायचं, हसायचं, नंतर पुन्हा. हसायचं हे त्यांनी दोनदा सांगितलं.

त्यांनी त्याचे कान तपासले, तोंडात पांढरी बुरशी आहे का बघितलं, हिरड्या चाचपल्या, वजन केलं. सगळं उत्तम. मग त्यांच्याच दवाखान्यातल्या लॅक्टेशन कन्सल्टंट बाईंकडे पाठवलं. त्यांनी एक गोष्ट समजावली, आणि हा लेख खरं तर तिच्यासाठीच लिहितो आहे.

जन्मल्यानंतरचे पहिले काही आठवडे चोखणं ही प्रतिक्षिप्त क्रिया असते. तोंडाच्या आत वर काही टेकलं की बाळ चोखतं. बोट असो, बोंड असो, तुमच्या शर्टाचं बटण असो. त्यात त्याचं मत विचारलेलं नसतं. तिसऱ्या-चौथ्या महिन्याच्या सुमाराला ही आपोआपची क्रिया मावळत जाते आणि तिची जागा इच्छा घेते. आता चोखायचं की नाही हे बाळ ठरवतं. ज्याला आदल्या आठवड्यात काहीही चालत होतं, त्याला आता आवडनिवड आहे. “तुमचा मुलगा बिघडलेला नाही,” बाई म्हणाल्या, “त्याने निवड केली आहे.”

आम्ही परत येताना गाडीत बराच वेळ कुणी बोललं नाही. मग बायको म्हणाली, “म्हणजे बघ, तिसरा महिना. ज्या आठवड्यात त्याला निवड करता यायला लागते, त्याच आठवड्यात माझी रजा संपते.”

हे मला तोवर सुचलं नव्हतं. बाळाने बाटली नाकारणं हे काही संकट नाही. तो वाढतो आहे याची ती खूण आहे. त्याचं संकट करते ती तारीख. माझ्या चुलतबहिणीचं उदाहरण घ्या. ती पुण्यात बँकेत आहे. भारतात २०१७च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते, दहा किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत. तिच्या मुलीनेही तिसऱ्या महिन्यात बाटली नाकारली होती म्हणे. मी फोन करून विचारलं, “मग काय केलंत?” ती आठवू लागली. तिला आठवेना. काही केलंच नव्हतं. ती घरी होती, मुलगी अंगावर पीत होती, सहाव्या महिन्यात उष्टावण झालं, आणि रुजू व्हायच्या दिवशी मुलगी वरणाचं पाणी आणि नाचणीची पेज खात होती. बाटली माळ्यावर गेली. एकच नकार, पण पुण्यात तो कुणाच्या लक्षातही राहिला नाही आणि कॅरीत त्याने आमची पंधरा दिवसांची झोप उडवली.

‘आपल्याकडे सगळं छान’ असं म्हणायचा माझा हेतू नाही, तसं म्हणणाऱ्यांचा मला कंटाळाच येतो. ज्या बाया शेतात खुरपायला जातात, चार घरची भांडी घासतात, त्यांना कुठली २६ आठवड्यांची रजा? आणि २०१७च्या आधी या कायद्याने मिळायचे ते तीनच महिने. हे मला आईने सांगितलं, आणि ते असं.

माझी आई कराडजवळच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. रविवारच्या व्हिडिओ कॉलवर मी तिला बाटल्यांची रांग दाखवली. ती हसायला लागली. “अरे, तू तरी कुठं घेतलीस?” हे मी छत्तीस वर्षांत पहिल्यांदा ऐकत होतो. मी १९८८चा. तिला नव्वद दिवसांची रजा होती. कराडहून काचेची बाटली आणली, आजीने ती चुलीवर उकळली, आणि मी ती घेतली नाही. “मग?” मी विचारलं. “मग काय. तुझ्या आजीनं दोन दिवस बघितलं आणि बोंडलं काढलं.”

आजी मला बोंडल्याने वरचं दूध पाजायची, आणि मधल्या सुट्टीत मला पदराखाली घेऊन उसाच्या बांधावरून शाळेत यायची. नकाशे आणि खडूची खोकी ठेवायच्या खोलीत आई मला पाजायची. दाराशी चौथीतली एक मुलगी राखणीला. हेडगुरुजी त्या बाजूने जाताना लांबूनच मोठ्याने खोकायचे. “सुट्टीनंतरचा तास गणिताचा,” आई म्हणाली. “पोरं पाढे म्हणायची आणि इकडं माझा ब्लाऊज भिजायचा. पदर दोन्ही खांद्यांवरनं घेऊन उभी राहायची मी. एकदा इन्स्पेक्शन होतं. साहेब विचारतायत, बाई थंडी वाजते का? ऐन उन्हाळ्यात!” ती हसत होती. माझी बायको शेजारी बसून ऐकत होती, ती हसली नाही. तिने फोन माझ्या हातातून घेतला आणि दोघी आत जाऊन बराच वेळ बोलल्या. काय बोलल्या ते मला माहीत नाही. मी बाटल्या धुतल्या.

बोंडलं आमच्याकडेही होतं. बारशाला सासूबाईंनी चांदीचं आणलं होतं. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी, बोंडलं म्हणजे चोच असलेली छोटी वाटी, होडीसारखी निमुळती. आमचं काचेच्या कपाटात गणपतीशेजारी शोभेला ठेवलं होतं. मी ते उकळलं.

यात मी फार काही क्रांतिकारक केलं असं समजू नका. ज्या बाळाला अंगावर पिता येत नाही त्याला बाटलीऐवजी लहान कपाने दूध द्यावं, असं जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ कितीतरी वर्षं सांगत आल्या आहेत, कारण कप उकळणं सोपं आणि बोंडातला चिकटा काढणं अवघड. भारतात तर १९९२च्या कायद्याने दुधाच्या बाटल्यांची जाहिरात करायलाच बंदी आहे. लॅक्टेशनवाल्या बाईंनीही औषधाचा चिमुकला प्लास्टिकचा कप देऊन पद्धत दाखवली होती. बाळाला उभट धरायचं. कप खालच्या ओठावर टेकवायचा, आणि दूध फक्त वरच्या ओठापर्यंत पोचेल इतकाच तिरका करायचा. ओतायचं नाही. बाळ आपण होऊन जीभ पुढे काढतं आणि मांजरासारखं लपलप करतं, मग घोट घेतं. ओतलं तर ठसका लागतो, म्हणून कुणाकडून तरी एकदा समोर बसून शिकून घ्या. लेख वाचून करू नका, माझासुद्धा.

प्लास्टिकच्या कपापेक्षा बोंडल्याची चोच ओठावर नीट बसली. पहिल्या दिवशी पोटात अर्धा औंस गेलं आणि दीड औंस गळ्यात, कानात, माझ्या बाहीत. तासभर यंत्र लावून काढलेलं दूध सांडताना बघणं बायकोला सहन होईना, ती उठून जायची. चौथ्या दिवशी एक औंस आत गेलं. तिच्या रुजू व्हायच्या आदल्या रात्री दोन.

पहिल्या दिवशी ती सकाळी साडेसातला त्याला पाजून निघाली. साडेदहाला त्याने बोंडल्याने जेमतेम औंस-दीड औंस घेतलं आणि चोच हाताने उडवली. बाराला मी त्याला गाडीत घातलं. बावीस मिनिटांचा रस्ता. आजीचा उसाचा बांध माझ्या वाट्याला आला तो सहापदरी. कंपनीच्या आवारात सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात, पाइनच्या झाडांखाली गाडी लावली. बायको बॅज हेलकावत पळत आली आणि मागच्या सीटवर बसली. इथे २०२२च्या कायद्याने नोकरी करणाऱ्या आईला बाळ वर्षाचं होईपर्यंत दूध काढायला वेळ आणि आडोशाची खोली द्यावी लागते, आणि ती खोली संडास असून चालत नाही. तिच्या कंपनीतली खोली छान आहे, खुर्ची, सिंक, लहानसा फ्रीज. पण तिथे दूध काढता येतं. पिणाऱ्याला इमारतीत प्रवेश नाही, कारण त्याच्याकडे बॅज नाही. मी पुढच्या सीटवर बसून सँडविच खाल्लं आणि आरशात बघायचं टाळलं. आम्ही असं चार आठवडे केलं, पाऊस असला तरी. दुसऱ्या आठवड्यात तिथला सुरक्षारक्षक आमची गाडी दिसली की लांबूनच हात करायचा आणि पाठ फिरवून उभा राहायचा. मला हेडगुरुजींचा खोकला आठवला.

आता एक गोष्ट जी मला आधी कुणी सांगितली नव्हती. दिवसा कमी पिणारं बाळ रात्री वसूल करतं. दिवसाला लागणारं दूध ते रात्रीत हलवतं. त्याचं वजन नीट वाढत होतं, डायपर नीट होत होते, डॉक्टर खूश. पण ते सगळं रात्री अकरा, दीड, साडेतीन आणि पाच वाजता वाढत होतं, आणि सात वाजता बायकोला यंत्रासमोर उभं राहायचं होतं. म्हणजे मी दिवसभर ‘सांभाळतो’ आहे असं सगळे कौतुकाने म्हणत होते, मंडळातल्या काकू तर मला ‘आदर्श बाबा’ म्हणून मोकळ्या झाल्या, आणि प्रत्यक्षात मी दिवसा जे पाजू शकत नव्हतो त्याची भरपाई ती रात्री करत होती. एकदा पहाटे तिला पाजता पाजता बसल्या जागी झोप लागली. मी बाळाला तिच्या हातातून काढून घेतलं. ती जागी झाली आणि दचकून म्हणाली, “किती झाला नमुना?”

माझी अकराची बाटली गेली, तिच्या जागी अकराची भांडी आली. पंपाचे दहा-बारा सुटे भाग असतात. ते धुवायचे, वाफेवर ठेवायचे, टिपून वाळत घालायचे. खोलीतून तो पीत असल्याचा आवाज यायचा, तोच ‘कुच’. मला वाईट वाटायचं. बाईला मूल होतं तेव्हा पुरुषाने वाईट वाटून घेऊ नये अशी आपल्याकडे पद्धत आहे, तरी वाटायचं. तो मला नाकारत नाहीये, बाटलीला नाकारतोय, हे वाक्य मला चार जणांनी ऐकवलं. चौघांनाही त्याच्या हातून नकार मिळालेला नव्हता.

सोळाव्या आठवड्यात डेकेअर. मी बोंडलं नेलं, कसं धरायचं ते दाखवलं. तिथल्या बाईंनी ते हातात घेऊन बघितलं, सुंदर आहे म्हणाल्या, आणि नम्रपणे परत दिलं. चार बाळांमागे आपण एक जण, कपाने पाजत बसणं जमणार नाही. हे खरंच होतं. मी दुपारी येऊन पाजून जाईन असं ठरलं, आणि माझ्या मॅनेजरने बारा ते दीडच्या बैठका हलवल्या. पहिले तीन दिवस तो त्यांच्याकडे सकाळभर जवळपास उपाशी राहिला. चौथ्या दिवशी अकराच्या सुमारास फोनवर डेकेअरचा निरोप आला: तीन औंस, बाटली.

मी धावतच गेलो. काय केलंत, कसं केलंत? बाईंनी खांदे उडवले. तिशी-बत्तीस वर्षं बाळं सांभाळणाऱ्या माणसाचे ते खांदे. त्याला बाहेर तोंड करून पोटाशी धरलं होतं, खिडकीशी नेलं, बाहेर कचऱ्याची गाडी आली होती. तो गाडी बघत होता. मी बाटली लावली, त्याने घेतली. बाटली कुठली? त्या तीन पिशव्यांमधलीच एक, सगळ्यात स्वस्त, साधी.

शनिवारी मी घरी तीच बाटली घेतली. तसाच धरला, बाहेर तोंड, पोटाशी. कचऱ्याची गाडी शनिवारी येत नाही, म्हणून समोरच्या घरातला कुत्रा दाखवला. त्याने कुत्र्याकडे बघितलं, बाटलीकडे बघितलं, मान पूर्ण मागे टाकून खालून माझ्याकडे बघितलं आणि ओठ मिटले.

आता तो आठ महिन्यांचा आहे. उष्टावण झालं, मामा शिकागोहून आला होता. नाचणीचं सत्त्व, मऊ भात, गाजर असं काय काय खातो, आणि स्टीलच्या पेल्यातून पाणी पिताना दोन्ही हातांनी पेला खेचतो. ते कौशल्य बोंडल्याचं, असं त्याच्या आजीचं ठाम मत आहे. बायको आता रात्री एकदाच उठते. बाटली तो घेतो, रोज तीन, पण डेकेअरमध्ये आणि त्या बाईंच्याच हातून. आमच्या दोघांकडून अजूनही नाही. शुक्रवारी संध्याकाळी त्याच्या नावाची चिठ्ठी लावलेल्या बाटल्या घरी येतात. मी त्या धुतो, उकळतो, ओट्यावर फडक्यावर पालथ्या घालतो आणि सोमवारी सकाळी त्याच्याबरोबर परत पाठवतो.